सायप्रसच्या बुंध्याभोवती जमिनीतून खुंट वर येताहेत आणि झाड मात्र वाढत नाही, काय करू?

कीड नाही. कापू नका. झाड भिंतीपासून बावीस फुटांवर आहे म्हणता, तेव्हा घराच्या पायाची काळजीही करू नका. घाईत असाल तर एवढं पुरे, बाकीचं सवडीने वाचा.

तुम्ही लिहिलंय की घर मिरजेजवळ आहे, अकरा वर्षांपूर्वी नर्सरीतून 'सायप्रस' म्हणून रोप आणलं आणि न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं लावलं. अजून ते जेमतेम सात-आठ फूट आहे, पानं पिवळट दिसतात, दर थंडीत निम्मं वाळल्यासारखं होतं. आणि यंदा पाऊस संपल्यावर बुंध्यापासून दोन-तीन फुटांवर अंगठ्याएवढे लाकडी खुंट जमिनीतून डोकं काढू लागले.

हे वाचून मला माझंच झाड आठवलं. वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी आमचं शेत आहे आणि त्यातल्या चरीच्या कडेला असंच एक झाड आहे. २००९ साली पुण्याच्या एका बोन्साय प्रदर्शनातून वीतभर रोप आणलं होतं. बोन्साय करण्याची हौस दोन महिन्यांत फिटली, मग कुंडीतून काढून चरीकडेला लावलं. काही वर्षांनी असेच खुंट वर आले तेव्हा वडील म्हणाले, "आरं, म्हसरं बांधायला खुटं रोवलंस काय रं?" तेव्हापासून आमच्याकडे त्या झाडाचं नाव 'खुट्याचं झाड'.

आधी नावाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे नर्सरीवाले उभट, सुईसारख्या पानांचं काहीही 'सायप्रस' म्हणून विकतात, आणि गिऱ्हाईक डिसेंबरात आलं तर तेच 'ख्रिसमस ट्री' होतं. कोकणातल्या किनाऱ्यावरचा सुरू हा सायप्रस नव्हेच, तो कॅज्युरिना. फारसी शायरीत प्रेयसीच्या बांध्याला ज्याची उपमा देतात तो सरू हा खरा भूमध्य सागराकडचा सायप्रस. त्याच्या मुळाशी पाणी साठलं तर तो कुजतो, आणि त्याला खुंट कधीच येत नाहीत. तुमच्याकडे आहे तो 'बाल्ड सायप्रस', म्हणजे टॅक्सोडियम डिस्टिकम, अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीतला. लुइझियाना राज्याचा तो राज्यवृक्ष आहे. सूचिपर्णी असूनही त्याची पानगळ होते, तीही पानं तांबूस होऊन बारीक काटकीसकट. म्हणून त्याला 'टकला' म्हणतात. दर थंडीत तुम्हाला ते वाळतंय असं वाटतं ते यामुळेच. आमच्या आईनं पहिल्या वर्षी ते मेलं समजून उपटायला काढलं होतं, मी वेळेवर पोचलो म्हणून वाचलं.

आता खुंटांबद्दल. तिकडं त्यांना गुडघे म्हणतात. या झाडाची मुळं खोल जाण्यापेक्षा जमिनीलगत आडवी लांबवर पसरतात. त्या आडव्या मुळाच्या वरच्या अंगाला एखाद्या ठिकाणी लाकूड भराभर साठत जातं आणि टेंगूळ जमिनीबाहेर येतं. त्याला डोळा नसतो, पान फुटत नाही, त्यातून नवं झाड होत नाही. म्हणजे उसाच्या खोडव्यासारखं किंवा केळीच्या मुनव्यासारखं ते काही नाही, तो मुळाचाच गुडघा. दलदलीत ते माणसाच्या कमरेएवढे सहज होतात, काही त्याहून कितीतरी मोठे. म्हातारे गुडघे आतून पोकळ होतात. लुइझियाना-फ्लोरिडाकडे ते कापून, घासून-पुसून दिव्याचे स्टँड आणि घड्याळं करून विकायचा धंदाच होता.

ते कशासाठी येतात, यावर दोनशे वर्षं वाद चाललाय. मिशो नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं की याचं काही कारण सांगता येत नाही. नंतर 'श्वास घेण्यासाठी' हे उत्तर रुळलं, आणि ते ऐकायला पटतंही. चिखलात प्राणवायू नसतो, मग मूळ नाक वर काढणारच. आपल्या खाडीतल्या तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं उभी असतात, ती खरोखर श्वासाचीच असतात, त्यांच्यावर हवेची छिद्रं असतात. पण सायप्रसच्या गुडघ्यावर तसली छिद्रं नाहीत आणि आत हवा खेळवणारं भुसभुशीत ऊतकही नाही. १९५२ साली अमेरिकेत गुडघ्यांचा श्वास मोजला तेव्हा मुळांना हवा पुरवण्यात त्यांचा फारसा हात दिसला नाही. मग कोणी म्हणालं, वादळात झाडाला घट्ट धरून ठेवायला, कोणी म्हणालं, पिष्टमय अन्न साठवायला. २०१५ मध्ये पुन्हा एक अभ्यास आला, त्यात गुडघ्यांमुळे मुळातला प्राणवायू वाढतो असं दिसलं. म्हणजे चेंडू पुन्हा पहिल्या बाजूला.

माझा स्वतःचा 'प्रयोग' नाइलाजाचा आहे. २०२२ साली चर साफ करायला आलेल्या गड्यानं तीन गुडघे कुऱ्हाडीनं उडवले. त्याला वाटलं, जुन्या बाभळीचे बुडखे राहिलेत. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. झाडाला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. पुढच्या फाल्गुनात नेहमीसारखी पालवी फुटली, उंचीही वाढली. तीन गेले तरी सात-आठ शिल्लक होते, तेव्हा यावरून शास्त्र काढू नका. पण चालताना ठेचा लागतात म्हणून वाटेवरचा एखादा खुंट जमिनीसपाट केलात तर झाड मरणार नाही, एवढं सांगू शकतो. सगळे मात्र काढू नका. मुळाला झालेल्या जखमेतून बुरशी शिरायला वाव राहतो, आणि खरं सांगायचं तर झाडाची सगळी मजा त्यातच आहे. एक गोष्ट ध्यानात ठेवा: पाणी वर-खाली होत राहतं तिथं गुडघे जास्त येतात, कोरड्या जागी सहसा येत नाहीत. तुमच्याकडं ते आले ते न्हाणीच्या पाण्यानं.

आणि तेच न्हाणीचं पाणी तुमच्या दुसऱ्या तक्रारीच्याही मुळाशी आहे, असा माझा अंदाज आहे.

हे झाड फार हळू वाढतं असा त्याचा लौकिक आहे. तो निम्माच खरा. ओल टिकणाऱ्या, आम्ल अंगाच्या जमिनीत तरुण झाड वर्षाला फूट-दोन फूट सहज चढतं. लौकिक झाला तो जुन्या झाडांमुळे. नॉर्थ कॅरोलायनात ब्लॅक रिव्हर नावाची नदी आहे. तिच्या काठच्या एका बाल्ड सायप्रसचं वय २०१९ मध्ये जाहीर झालं: किमान २६२४ वर्षं. पण तिथली ही झाडं आभाळाला भिडलेली वगैरे नाहीत, त्या नदीच्या काळ्या पाण्यात अन्नद्रव्यच थोडं, म्हणून इंच-इंच वाढत राहिलेली आहेत. फ्लोरिडातलं 'सेनेटर' नावाचं झाड साडेतीन हजार वर्षांचं असावं असं मानत. ते जानेवारी २०१२ मध्ये जळून गेलं. याचंच चुलत भावंड, मेक्सिकोतल्या ओआहाकाजवळचं तुलेचं झाड, बुंध्याच्या जाडीत जगात पहिलं धरतात. लोकांना ते अनेक झाडं चिकटून झालेलं वाटायचं, डीएनए तपासल्यावर एकच निघालं. थोडक्यात, वय आणि आकार यांचा हिशेब या कुळात सरळ लागत नाही.

हळू वाढीचा एक फायदा मात्र झाला. दर वर्षीचं कडं खोडात नोंदवलं जातं, आणि ही झाडं शेकडो वर्षं जगत असल्यानं जुन्या पावसाची ती वहीच आहेत. व्हर्जिनियाकडच्या बाल्ड सायप्रसच्या कड्यांवरून १९९८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की १५८७ ते १५८९ ही तीन वर्षं त्या भागात आठशे वर्षांतल्या सगळ्यात भीषण दुष्काळाची होती. नेमक्या १५८७ सालीच रोआनोक बेटावर इंग्रजांची वसाहत वसली आणि पुढे माणसांसकट बेपत्ता झाली. मला हा आकडा लक्षात राहिला त्याचं कारण वेगळं आहे. आपल्या साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या म्हसव्याच्या प्रसिद्ध वडाचा घेर १८८२ मध्ये मोजला तेव्हा तो १५८७ फूट भरला होता. निव्वळ योगायोग, पण माझ्या डोक्यात ही दोन झाडं तेव्हापासून जोडीनं राहतात. एकाची मुळं वरून खाली येऊन खोड होतात, दुसऱ्याची खालून वर येऊन काहीच होत नाहीत.

तर तुमचं झाड. पिवळी पानं आणि खुंटलेली वाढ हा जातीचा गुण नाही, आपल्या जमिनीचा आहे. मिरज-वाळवा पट्ट्यातली काळी जमीन चुनखडीची, सामू (पीएच, म्हणजे जमीन आम्ल की खारी याचं माप) आठाच्या आसपास किंवा वर. या झाडाला साडेसातच्या वरचा सामू मानवत नाही. जमिनीत लोह असतं, पण मुळाला उचलता येत नाही, मग पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यात तुम्ही रोज साबणाचं आणि कपड्याच्या सोड्याचं पाणी घालताय, म्हणजे सामू आणखी वर. ओल मिळते म्हणून झाड जगलं, गुडघेही काढले. पण ताटात भाकरी असून घास तोंडाशी जाईना, अशी त्याची गत आहे.

माझ्या झाडानंही पहिल्या चार वर्षांत फक्त दोन फूट उंची घेतली होती. मग माती तपासून घेतली आणि बुंध्याभोवती, मुळं न तोडता, वरवर उकरून कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत भरलं. थोडं गंधक मिसळलं, वर उसाच्या पाचटाचं आच्छादन. पाडव्याला नवी पालवी आली की हिराकस (लोहाचं खत, फेरस सल्फेट) आणि लिंबाचा रस पाण्यात घालून फवारायचो. दुसऱ्या वर्षी रंग बदलला, तिसऱ्या वर्षी उंची धरली. आज ते सव्वीस फुटांच्या आसपास आहे. हिराकसचं प्रमाण मी इथं लिहीत नाही, कारण ते तुमच्या माती परीक्षणावर ठरतं आणि जास्त झालं तर पानं करपतात. कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, या भागातल्या खारवट-चोपण, म्हणजे क्षार साठून बिघडलेल्या, जमिनींवर त्यांचं काम आहे, तुम्हाला जवळच आहे. मातीचा नमुना घेऊन एक चक्कर मारा. आणि साबणाचं पाणी आजच दुसरीकडे वळवा. अळू किंवा केळीच्या आळ्यात सोडा, त्यांची फारशी तक्रार नसते. झाडाला साधं पाणी द्या, उन्हाळ्यात भरपूर.

एक शंका: रोप कुंडीत बरीच वर्षं राहिलेलं होतं का? मुळं गोल गोल गुंडाळली गेली असतील तर सगळे उपाय करूनही वाढ मंदच राहील. बुंध्याशी हातानं माती बाजूला करून बघा, गळफासासारखं एखादं मूळ दिसलं तर थंडीत, पानं गळलेली असताना, ते कापा.

पायाचं म्हणाल तर तुमचं झाड भिंतीपासून बावीस फूट आहे, ते ठीक. सेप्टिक टँक किंवा फरशी जवळ असेल तर ती मात्र उचलली जाऊ शकते, आडवी मुळं आणि गुडघे दोन्ही तिथे त्रास देतात.

खाली एका वाचकानं विचारलंय की मग पाणी लागलेल्या, मीठ फुटलेल्या उसाच्या रानात हेच झाड लावून जमीन सुधारेल का. नाही सुधारणार. पाणी त्याला चालतं, याबद्दल वाद नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या रानात नऊ दिवस पाणी होतं, पपई आणि शेवगा गेले, हे उभं राहिलं. पण तेव्हा त्याचा शेंडा पाण्याच्या वर होता. अगदी लहान रोप शेंड्यासकट बरेच दिवस बुडालं तर तेही मरतं, आणि बी रुजायला ओली माती लागते, साचलेल्या पाण्याखाली ते रुजत नाही. मिठाचं म्हणाल तर थोडं सोसतं, फार नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यालगत समुद्राचं खारं पाणी आत शिरलं तिथं या झाडांची रानंच्या रानं वाळून नुसती खोडं उभी आहेत. चोपण रानाला निचराच लागतो: चर किंवा सच्छिद्र पाइप, जमिनीच्या प्रकाराप्रमाणे जिप्सम, मग ताग-धैंचा ही हिरवळीची खतं. खर्च जड आहे, मी तो केलाय, बांधाला बांध असलेल्या चौघांनी मिळून केला तरच परवडला.

माती परीक्षणाचा सामू आला की इथंच कळवा. आणि झाडाजवळून जाताना अंधारात चप्पल घालून जा, त्या गुडघ्यावर आपटलेला अंगठा महिनाभर दुखतो.