फार्मवरचं कासव चालतं का? सरीसृपपालकांचे नेहमीचे प्रश्न

सरीसृप पाळणाऱ्यांना एकत्र आणणं आणि वन्यजीव कायदा त्यांच्यापर्यंत नीट पोहोचवणं, हे काम मी गेली अनेक वर्षं करतोय. माणसं नवी येतात, गैरसमज तेच असतात. त्यातले पाच प्रश्न इथे घेतो.

प्रश्न : आमच्याकडे स्टार कासव आहे. विकणारा म्हणाला, फार्मवर जन्मलंय, घरात ठेवलं तर चालतं. खरं का?

नाही. हे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. फार्मवर जन्मलं म्हणून सूट मिळत नाही. वकिलाशी बोला आणि लगेच वन विभागाला कळवा.

प्रश्न : बॉल पायथन हा अजगर परदेशी आहे. त्याला आपला कायदा कसा लागू होईल?

होतो. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे आणि 'साइट्स' या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती आता चौथ्या अनुसूचीत येतात. २०२४ च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आला की ३० दिवसांत पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची. कागदपत्रांशिवाय प्राणी जाहीर करायची २०२० ची सवलत कधीच संपली, तरी विक्रेते अजून तिचंच नाव घेतात. "कागद मागाहून कुरियरनं पाठवतो" असं कोणी म्हणालं, तर व्यवहार तिथेच थांबवा. आधीच घेतला असेल तर विभागीय वन कार्यालयात विचारा.

प्रश्न : मुलासाठी आणलेलं लाल पट्ट्यांचं कासव टाकीत मावेना. देवळाच्या तळ्यात सोडलं तर पुण्यच ना?

कृपा करून सोडू नका. हे कासव मूळचं अमेरिकेतलं. आणताना ते रुपयाच्या नाण्याहून थोडंसंच मोठं असतं आणि दुकानदार सांगतो, "एवढंच राहतं, काचेच्या भांड्यात ठेवा." हे धादांत खोटं आहे. मादीची पाठ फूटभर होऊ शकते आणि नीट सांभाळलं तर ते वीस-तीस वर्षं जगतं. म्हणजे मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही कासव घरात असेल. हे विकत घेतानाच कोणी सांगत नाही आणि मग तळं आठवतं.

तळ्यात ते पाणवनस्पती, किडे, बेडकांची पिल्लं, हाताला लागेल ते खातं. उन्हाला बसायच्या दगडांवरून देशी कासवांना हुसकावतं. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या शंभर घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. एका देवळाच्या तळ्यातला गाळ काढत होते तेव्हा मी काठावर होतो. घमेल्यात जी कासवं आली त्यातल्या एकाच्या पाठीवर गुलाबी नेलपॉलिशनं लिहिलेलं 'सोनू' अजून वाचता येत होतं. ज्यानं ते लिहिलं, त्या लेकराला वाटत असणार, आपलं कासव मजेत आहे.

शिवाय या कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलं आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी घातली. हात लावल्यावर साबणानं धुवाच.

मोठी टाकी, वर बसायला कोरडी जागा आणि ऊन, एवढी सोय आजच करा. मग वन विभागाला फोन करा (महाराष्ट्रात १९२६) आणि कोणतं बचाव केंद्र घेईल ते विचारा. डोळे सुजले किंवा कवच मऊ लागलं तर सरीसृपांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा. "पुढच्या रविवारी बघू" म्हणता म्हणता कासव तळ्यात जातं, हे मी फार वेळा पाहिलंय.

प्रश्न : गल्लीत निघालेला साप मी पकडून रानात सोडतो. परवानगी लागते का?

लागते. कायद्याच्या व्याख्येत पकडणं हीदेखील शिकारच आहे. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा. तोवर सापाला हात लावू नका.

प्रश्न : नियम बदलायला हवेत असं वाटतं. सह्यांची मोहीम काढू का?

सह्यांपेक्षा एक नीट पत्र जास्त उपयोगी पडतं. नियमांचा मसुदा जाहीर झाला, तर हरकती-सूचनांना ठरावीक मुदत असते. कुठल्या कलमाची काय अडचण होते, ते स्वतःच्या अनुभवातून लिहा, मजकूर जाणकार वकिलाला दाखवा आणि मुदतीच्या आत पाठवा. २०२४ चे नियम आल्यावर मला तक्रारींचे ढीग आले. त्यातल्या किती जणांनी नियम वाचले होते, हे विचारल्यावर फोनवर शांतता असायची.