आधी ब्लॉक मागून घे

ठाणे, रविवार

प्रिय बाळ,

काल फोनवर तू एकच विचारत होतीस, "मावशी, आईच्या ऑपरेशनची तारीख या आठवड्यातलीच घेऊ ना?" तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आयएचसीचा, म्हणजे गाठीच्या पेशींत कुठली प्रथिनं आहेत ते रंग देऊन बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट हाती येईपर्यंत घेऊ नकोस. तेवढ्या चार-आठ दिवसांनी काही बिघडत नाही. बायोप्सीने स्तनातली गाठ कॅन्सरची आहे एवढंच सांगितलंय. कुठल्या जातीची, ते ईआर, पीआर (दोन्ही हार्मोन पकडणारी प्रथिनं) आणि हर-टू (पेशींची वाढ करणारं प्रथिन) या तीन ओळींत येईल. ईआर पॉझिटिव्ह असला तर हार्मोनची गोळी, निदान पाच वर्षं. हर-टू 3+ म्हणजे पॉझिटिव्ह आला तर त्यावर ट्रास्टुझुमॅबसारखं नेमकं औषध आहे. 2+ म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. मग फिश टेस्ट, म्हणजे हर-टूच्या जनुकाची तपासणी, करावी लागते. हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असून गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी असली, तर बऱ्याचदा केमो आधी आणि ऑपरेशन नंतर असतं. औषध लागू पडतंय का ते त्यात कळतं, आणि पुढचं औषध त्यावरून ठरतं. गाठ आधीच काढली, की हे बघायचं राहूनच जातं.

मी तीस वर्षं लॅबमध्ये मेणाचे ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा मेणात बसवलेले ठोकळे) कापले, म्हणून हे खास सांगते: स्लाइड आणि ब्लॉक सही करून मागून घे. दुसरं मत नुसत्या कागदावर नीट मिळत नाही. खारघरला टाटाचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे, ठाण्याहून पनवेल लोकलने सरळ जाता येतं. ब्लॉक उन्हात गाडीत विसरू नकोस, मेण मऊ पडतं!

आईला वाटतंय, सगळं काढून टाकलं की सुटले. आपल्या बायकांना असंच वाटतं. मलाही वाटलं होतं. पण सुरुवातीच्या टप्प्यात फक्त गाठ काढून शेक (रेडिएशन) घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या, हे इटली आणि अमेरिकेतल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून 2002 सालीच समोर आलंय. तिच्या बाबतीत ते जमेल का, हे सर्जनना विचार. विचारताना आई केबिनमध्ये हवी. मामा बाहेर बसले तरी चालेल.

मंगळवारी डबा घेऊन येते. फाइल काढून ठेव, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावू.

तुझी,
मावशी