नाव कोणत्या शाळेखाली लिहायचं?

प्रिय डॉक्टर,

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा पोळ्या लाटत होते, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. खाजगी शाळेतली मुलं आपल्या सरकारी पथकाने तपासावीत का, हा तुझा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. आज सुट्टी आहे, सविस्तर लिहिते.

आपली पथकं अंगणवाड्या आणि शासकीय-अनुदानित शाळांतली मुलं तपासतात. गावाबाहेरच्या त्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेने विद्यार्थ्यांच्या आरोग्य तपासणीसाठी पत्र दिलं आणि तुमच्या पथकातले औषधनिर्माते म्हणाले, "फी घ्यायला ते आणि तपासायला सरकार? आपली आश्रमशाळा अजून बाकी आहे." त्यांच्यावर रागावू नकोस. ते पोटतिडकीने बोलले आहेत. घाटातल्या शाळेत पोचायला गाडीला दीड तास लागतो, पावसाळ्यात ओढा भरला की अर्ध्यातून परतावं लागतं, हे त्यांनी माझ्यासोबत वर्षानुवर्षं पाहिलं आहे. असा माणूस विनाअनुदानित शाळेचं नाव ऐकून भडकणारच.

तरी माझं मत विचारशील तर ती तपासणी व्हायला हवी. सरकारी खर्चाने व्हायला हवी. कधी आणि कशी, त्याबद्दल माझ्या काही अटी आहेत, त्या पुढे येतीलच. आधी एक मुलगा सांगते.

सहा-सात वर्षं झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात आमचं काम चाललं होतं. पाचवीतल्या एका मुलीचा नंबर आला आणि तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ विसरलेला डबा घेऊन मैदानातून पळत आला. त्याच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. पळत आला आणि झेंड्याच्या खांबाजवळ उकिडवा बसला, गुडघे छातीशी घेऊन. मी बहिणीला विचारलं, तर म्हणाली, "दमला की असाच बसतो तो." मी उठून गेले. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे. आमच्या सिस्टर मागून हळूच म्हणाल्या, "मॅडम, हे जांभळांचे दिवस नाहीत." हात हातात घेतला तर नखं निळसर, बोटांची टोकं फुगीर. छातीला स्टेथोस्कोप लावला आणि मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यातला जास्तीचा आवाज, स्वच्छ ऐकू आला.

आता बहिणीचं कार्ड बघ. पहिलीपासून दर वर्षीची उंची, वजन, किडलेली दाढ, एकदा कमी भरलेलं हिमोग्लोबिन, सगळं लिहिलेलं. भावाचं कार्डच नव्हतं. वडील गवंडीकाम करायचे. पोरगा इंग्रजी शिकावा म्हणून तिसऱ्या वर्षीच त्याला खाजगी बालवाडीत घातला, तिथे अंगणवाडी सुटली. मग शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांत पहिलीला नंबर लागला, तिथे जिल्हा परिषदेची शाळा सुटली. म्हणजे आपल्या दोन्ही याद्यांतून तो निसटला होता. शाळेत कवायतीला टंगळमंगळ करतो म्हणून त्याला कडेला उभं करायचे, हे आईने नंतर सांगितलं. एकाच घरातली, एकाच ताटात जेवणारी दोन मुलं. एकीला डॉक्टर दर वर्षी बघत होते, दुसऱ्याच्या छातीला जन्मापासून कोणी नीट कान लावला नव्हता.

त्या दिवशी मी रजिस्टर उघडलं आणि पेन हातात धरून बसले. नाव कोणत्या शाळेखाली लिहायचं? त्याच्या शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, आमच्या यादीत नव्हता. शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीचा केसपेपर काढून जिल्हा रुग्णालयात पाठवला, तिथून टू डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तिथून मुंबई. शस्त्रक्रिया झाली, आता चांगला सायकल चालवतो. पण आमच्या त्या महिन्याच्या अहवालात जन्मजात हृदयविकाराच्या रकान्यात शून्यच राहिलं.

आपला हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत पालघरला सुरू झाला, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका असं पथक, सुरुवातीला 30 आजारांची यादी. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शासकीय आणि अनुदानित शाळा वर्षातून एकदा. विनाअनुदानित शाळा कक्षेबाहेर. ज्यांनी ही रेघ मारली त्यांनी दुष्टपणाने मारली असं मी म्हणणार नाही. पैसा थोडा, माणसं थोडी, म्हणून गरीब मुलं जिथे जास्त तिथून सुरुवात. त्या हिशेबात चूक नव्हती. पण आता तुझ्याच तालुक्यात फिरून बघ. किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये इंग्रजी शाळा भरतात. रिक्षावाल्याची, भाजीवालीची, ऊसतोडीवरून परत आलेल्या मुकादमाची मुलं तिथे बसतात. फी हप्त्याहप्त्याने, कधी सोनं गहाण ठेवून भरलेली. फी भरली म्हणजे पैसेवाला, हे समीकरण केव्हाच मोडलं आहे. आणि त्या 25 टक्क्यांतल्या मुलांचं तर काय सांगू. सरकार त्यांच्या फीची प्रतिपूर्ती शाळेला देतं, म्हणजे ही मुलं आपली आहेत हे सरकारला मान्य आहे. मग तपासायच्या वेळी ती परकी कशी होतात? मोफत उपचारांची जनआरोग्य योजना आता सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुली झाली आहे. ऑपरेशनला दार उघडं, पण ऑपरेशनची गरज आहे हे शोधायला मात्र कोणी जायचं नाही, हे मला पटत नाही.

जी बऱ्या घरची आहेत त्यांचं काय, असं तुझे सहकारी विचारतील. त्यांना सांग, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. एवढा मोठा आकडा नुसत्या झोपडीतून येत नाही. आठवीतल्या मुलीच्या डब्यात रोज नूडल्स असतील तर बंगल्यातही हिमोग्लोबिन आठवर येतं. आणि लोहाची निळी गोळी आठवड्याला मिळते ती शासकीय आणि अनुदानित शाळेतल्या मुलीला.

ही रेघ आपण याआधी ओलांडलेली आहे, हेही लक्षात ठेव. जंतनाशक दिनाची गोळी खाजगी शाळेतही जाते. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये गोवर-रुबेला मोहीम निघाली तेव्हा आपण खाजगी शाळांच्या गेटवर उभं राहून पालकांची समजूत घालत होतो, कारण अर्धी मुलं सोडली तर लसीकरणाला अर्थ नव्हता. 2023 च्या 'जागरूक पालक, सुदृढ बालक' अभियानात खाजगी शाळाही धरल्या होत्या. आणि अगदी मुळात जायचं तर या देशात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा झाली ती 1909 साली, सयाजीराव महाराजांच्या बडोदा शहरात. त्याच्या तीनच वर्षं आधी महाराजांनी साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. मला त्यातली संगती फार आवडते. मुलाला शाळेत बसवायचं तर त्याला फळा दिसतो का, हेही बघायला हवं.

मोठ्या शाळांत कुठल्यातरी रुग्णालयाचं शिबिर होतंच, हे खरं आहे. पण ती फाईल मागून बघ. उंची, वजन, दात, डोळे, खाली शिक्का. पुढे काय झालं याचं पान नसतं. आपल्याकडे ते पान आहे, आणि आपली खरी किंमत त्या पानात आहे.

म्हणूनच पहिली अट. होकार देण्याआधी तुझं संदर्भित, म्हणजे पुढच्या उपचारांसाठी पाठवलेल्या मुलांचं रजिस्टर उघड. मागच्या वर्षी पाठवलेल्या किती मुलांचा फॉलोअप पूर्ण झाला, ते मोज. एका वर्षी मी लक्ष्य गाठायच्या नादात दिवसाला दोन-दोन शाळा उरकल्या. आकडे छान आले, कौतुकही झालं. मार्चमध्ये बघितलं तर कानातून पू येणारी अकरा मुलं नाक-कान-घसा डॉक्टरांपर्यंत पोचलीच नव्हती. चिठ्ठी दप्तरातच राहिली, आईला वाचता येत नव्हती, मी फोन केला नव्हता. त्यातला एक मुलगा नंतर वर्गात उत्तर देईनासा झाला, आणि बाई म्हणायच्या हा मठ्ठ आहे. ते माझ्याकडून झालं, आणि अजून सलतं. नुसतं शोधून ठेवलेलं आणि पुढे न नेलेलं दुखणं हे न शोधलेल्यापेक्षा वाईट, कारण आईबाप समजतात की डॉक्टरांनी बघितलंय. तेव्हा आश्रमशाळा आधी, वस्तीवरच्या शाळा आधी, त्यांचे फॉलोअप आधी. मग इंग्रजी शाळा. तुझ्या औषधनिर्मात्यांना हा क्रम दाखव, त्यांचा अर्धा राग तिथेच निवळेल.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. त्या 2023 च्या अभियानात आम्ही एका खाजगी शाळेत गेलो. चौथीतल्या एका मुलीला फिट्स येत होत्या, घरच्यांनी लपवलं होतं, आमच्या प्रश्नांतून ते बाहेर आलं. औषध सुरू होणार म्हणून मी खूश. संध्याकाळी शाळेच्या ऑफिसमध्ये मुख्याध्यापिका बाईंनी यादी मागितली आणि मी सवयीने नावानिशी देऊन टाकली. जिल्हा परिषदेच्या शाळेत आपण तसंच करतो, गुरुजी स्वतः मुलाला गाडीवर बसवून दवाखान्यात आणतात. इथे एप्रिलमध्ये त्या मुलीच्या आईला बोलावून सांगितलं, "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, तुम्ही दुसरीकडे बघा." ती आई माझ्याकडे येऊन रडली. मी शाळेत जाऊन भांडले, गटशिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत गेले, मुलगी राहिली. पण त्या दोन महिन्यांत त्या घराने काय सोसलं, ते माझ्या एका कागदामुळे.

त्यामुळे शाळेला फक्त आकडे द्यायचे. इतक्यांना चष्मा, इतक्यांना दंतोपचार, बस. नाव आणि निदान पालकाच्या हातात, शक्यतो समोर बसवून. पालकांनी हो म्हटलं तरच वर्गशिक्षिकेला सांग. आणि सांगशील तेव्हा फिट आल्यावर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, हे तिच्याकडून करून घे. तिला भीती वाटली की ती मुलाला दूर करणार, हे नक्की समज.

शाळेकडून पैसे घेऊ नकोस. संस्थाचालक मोठ्या मनाने देऊ करतील, गाडीचं डिझेल, जेवण, वर पाकीट. पैसे घेतले की पथक त्यांचं होतं. मग कुठली मुलं आधी बघायची ते तेच सांगणार आणि जाहिरातीच्या पत्रकावर तुझा फोटो येणार. मागायचंच असेल तर माणसं माग. उंची-वजनाला दोन शिक्षिका, मुलींसाठी दाराला कडी असलेली खोली, आणि तपासणीच्या दिवशी पालक यावेत म्हणून आठ दिवस आधी डायरीत सूचना.

एक करून ठेव. तोंडी होकारावर जाऊ नकोस. त्यांचं पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आवक करून घे, लेखी आदेश माग, आणि आगाऊ दौरा कार्यक्रमात आश्रमशाळेच्या तारखेनंतरच ही तारीख टाक. अशी तालुक्यातून पाच-सहा पत्रं वर गेली तर कधीतरी कोणीतरी त्या यादीत एक रकाना वाढवेल.

आणि गेलीस की आधी 25 टक्क्यांतल्या मुलांना वेगळं बोलावू नकोस, मुख्याध्यापक तसं सुचवतील. हजेरीपटाप्रमाणे जा. दिवस संपला की फोन कर, कितीही उशीर झाला तरी. स्वयंपाक लवकर उरकून ठेवते.

तुझी,
मॅडम