४४ तासांचे पैसे सोडून ८५ हजारांच्या करारावर सही करावी का?

प्रश्न : मी फोंड्याला राहते. इंटिरिअर डिझाइनचं काम स्वतंत्रपणे करते. मुंबईच्या एका फर्मसाठी आसगाव-शिवोली भागातल्या व्हिलांचं काम तासाला ९०० रुपये दराने चालू आहे. ऑक्टोबरच्या कामाचं १४८ तासांचं, १,३३,२०० रुपयांचं बिल मी ६ नोव्हेंबरला पाठवलं. १२ डिसेंबरला त्यांच्या अकाउंटंटची मेल आली, की १०४ तासच मान्य आहेत. ९३,६०० रुपये 'फुल अँड फायनल' घ्या आणि जानेवारीपासून महिना ८५,००० रुपयांच्या रिटेनरवर, म्हणजे दरमहा ठरलेल्या रकमेच्या करारावर, या. सोमवार ते शनिवार, १० ते ७ उपलब्ध राहायचं, दुसरं काम घ्यायचं नाही. वर्षभरात या फर्मकडून ९ लाख आणि इतर दोन लहान क्लायंटकडून मिळून २,७०,००० आले. घराचा हप्ता १८,४००, घरखर्च ३२,०००, बाजूला १,९०,००० आहेत. रोजची कटकट नको म्हणून सही करून टाकावी असं वाटतं. काय करू?

उत्तर : सही करू नका. मात्र ९३,६०० रुपये घ्या. या दोन गोष्टी त्यांनी एकाच मेलमध्ये बांधून पाठवल्या आहेत, त्या आधी सोडवून घ्या.

पहिल्यांदा रिटेनर, कारण तिथे रक्कम मोठी आहे. वर्षाचे १०,२०,००० म्हणजे या फर्मकडून आज मिळतात त्याहून १,२०,००० जास्त. ऐकायला बरं वाटतं. पण दुसरं काम घ्यायचं नाही म्हटल्यावर इतरांचे २,७०,००० गेले. म्हणजे निव्वळ दीड लाखाचा तोटा. आणि वेळेचं काय? ९ लाख म्हणजे तुमचे वर्षाचे साधारण १,००० तास. नव्या करारात जेवणाचा तास वगळला तरी दिवसाला ८, महिन्याला २०८, सुट्ट्या धरल्या नाहीत तर वर्षाला जवळजवळ २,५०० तास. तासाला ४०९ रुपये पडतात. अडीचपट वेळ, तेरा टक्के जास्त पैसे. कापून दिलेल्या ९३,६०० मध्येसुद्धा, बिलात न धरलेले महिन्याचे तीसेक तास जमेला धरून, तासाला सव्वापाचशे सुटतात. म्हणजे ज्या कपातीवर तुम्ही चिडलात, तिच्याहूनही हा करार महाग पडतो.

ठरलेली वेळ, एकच मालक, दुसरीकडे काम बंद, याला आपल्याकडे नोकरी म्हणतात. मग नोकरी द्या म्हणावं : पीएफ, ग्रॅच्युइटी, पगारी रजा, आरोग्य विमा. ते काही न देता फक्त हजेरी मागायची हा व्यवहार एकतर्फी आहे. शिवाय सुट्ट्या 'मुंबई ऑफिसप्रमाणे' असतील तर चवथीला (गणेश चतुर्थीला) काय करणार? त्या आठवड्यात फोंड्यात ना सुतार मिळतो ना फरशीवाला, आणि तुम्ही लॅपटॉप उघडून बसणार. (गोव्यात राहणारा माणूस अर्धा दिवस समुद्रावरच असतो, असं मुंबईच्या कित्येक फर्मना मनापासून वाटतं. तासांवरच्या भांडणाचं निम्मं मूळ मला तिथेच दिसतं.)

करात फरक पडेल ही भीती असेल तर ती सोडा. इंटिरिअर डिझाइन हा अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत, जुन्या आयकर कायद्यातल्या कलम ४४एडीएमध्ये, बसणारा व्यवसाय आहे. जमेच्या ५० टक्के उत्पन्न धरलं जातं आणि नव्या करप्रणालीत तुमच्या पातळीला कर लागत नाही. कापलेला टीडीएस (पैसे देणारा आधीच कापून सरकारकडे भरतो तो कर) विवरणपत्र भरून परत मिळतो. हा मुद्दा निर्णयाचा नाही.

आता ४४ तास. तुम्ही सोबत टाइमशीट पाठवलीत, ती मी नीट वाचली. प्रवासाचे १४, साइटवर थांबण्याचे ९, फोन-मीटिंगचे ६, बदललेल्या ड्रॉइंगचे १५. सगळ्यांना एकाच तराजूत तोलू नका. ड्रॉइंगच्या १५ तासांचे १३,५०० रुपये आणि फोनचे ५,४०० सोडायचे नाहीत, कारण बदल कोणी, कधी सांगितले ते मेलवर आहे. थांबण्याचे ८,१०० मागा. टाइल्सचा ट्रक उशिरा आला हा तुमचा दोष नाही. प्रवासाच्या १२,६०० वर मात्र तुमची बाजू कमकुवत आहे. करारात 'डिझाइन अवर्स' लिहिलंय आणि फोंडा-आसगाव फेऱ्या त्यात आपोआप येत नाहीत. आधीच्या महिन्यांत त्यांनी प्रवासाचे तास निमूट दिले असतील तर ती बिलं काढून दाखवा, नसतील तर निम्म्यावर या. ३३,३०० मिळाले तर तडजोड चांगली झाली असं मी म्हणेन.

तुमच्या हातात दोन हुकमाचे पत्ते आहेत. पहिला, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी. ती तुम्ही या करारापूर्वीच केली होती, हे उत्तम, कारण मागाहून केलेली नोंदणी जुन्या कामाला उपयोगी पडत नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार कामाबद्दल हरकत असेल तर ती १५ दिवसांच्या आत लेखी घ्यावी लागते. ऑक्टोबरच्या कामाला १२ डिसेंबरला घेतलेली हरकत उशिराची आहे. पैसे ठरलेल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. तुमच्या करारात ३० दिवस आहेत, ते उलटले. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. आणि फर्म मुंबईची असली तरी तक्रार गोव्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन करता येते. आधी समेट, तो फसला तर लवाद. निवाडा त्यांच्याविरुद्ध गेला आणि त्यांना आव्हान द्यायचं असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर ९० दिवस आहेत, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून मी हे शेवटचं पाऊल मानतो.

दुसरा पत्ता कोणी बघत नाही. आयकर पोर्टलवर तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसचं पत्रक (जुन्या कायद्यातलं २६एएस) उघडा. टीडीएस रक्कम खात्यात जमा दाखवताना किंवा देताना, जे आधी घडेल तेव्हा कापायचा असतो. या तिमाहीचं त्यांचं विवरणपत्र ३१ जानेवारीपर्यंत भरायचं आहे. त्यानंतर तिथे १,३३,२०० वर कपात दिसली, तर बिल पूर्ण धरून वहीत नोंदलं गेलं होतं असा त्याचा अर्थ. कोर्टात एवढ्यावर निकाल लागत नाही, पण त्यांच्या सीएला फोनवर उत्तर देणं अवघड जातं.

उद्या मेल लिहा : '९३,६०० रुपये बिलापोटी अंशतः स्वीकारते, उरलेल्या ३९,६०० वरचा हक्क कायम आहे.' 'नो ड्यूज'चा कागद आला तर सही नाही.

त्याच मेलमध्ये तुमचा प्रस्ताव द्या, कारण नुसता नकार दिला तर ते दुसरी डिझायनर शोधतील. महिन्याला ८० तासांची हमी, ७२,००० रुपये, ७ तारखेच्या आत. वरचे तास ९०० नेच. प्रवास निम्म्या दराने. न वापरलेले तास फक्त पुढच्या महिन्यापर्यंत. इतर कामाला मोकळीक. पावसाळ्यात साइट थंडावते तेव्हा हमीचा उपयोग तुम्हाला, आणि खर्च आधी कळतो म्हणून त्यांना.

टाइमशीट दर शनिवारी पाठवा आणि सात दिवसांत हरकत न आल्यास मान्य, ही ओळ करारात घाला. नोंदी मात्र बदला. 'साइट व्हिजिट – ५ तास' अशी नोंद कोणालाही खोडता येते. 'आसगाव, १०.१५ ते १.३०. मालकिणीच्या सांगण्यावरून ओट्याची उंची वाढवली, सिंकची जागा सरकवली, सुधारित ड्रॉइंग ५.४० ला मेल केलं' ही नोंद खोडायला कारण द्यावं लागतं.

ते रागावून काम बंद करतील का? करू शकतात. ७७ टक्के कमाई एकाच दारातून येते, ही तुमची खरी अडचण आहे आणि रिटेनरने ती शंभर टक्के होईल. १,९०,००० म्हणजे हप्ता आणि घरखर्च धरून पावणेचार महिने. फर्मकडून येणाऱ्या रकमेतून पहिले १,१२,४०० त्यात घालून सहा महिने पुरे करा, तोवर नवी एसआयपी किंवा नवा हप्ता नको. आणि त्या दोन लहान क्लायंटना या आठवड्यातच फोन करा. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्याकडे काय काम आहे ते विचारून, फर्मचं उत्तर येण्याआधी तारखा पक्क्या करून घ्या.