रेडिएटर वर घ्या, समोरची ताजी हवा ग्राफिक्स कार्डाला द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉम्प्युटरमध्ये रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, २४० मिमीचा एआयओ (प्रोसेसरची उष्णता बंद नळ्यांतल्या पाण्याने रेडिएटर नावाच्या जाळीपर्यंत नेणारा कूलर) समोर लावलेला आणि आत हवा ओढणारा, वर दोन आणि मागे एक पंखा हवा बाहेर टाकणारा. अकोल्यात मे महिन्यात दुपारी खोलीच ३८ अंशांवर जाते, गेम खेळताना कार्ड ८२ पर्यंत पोचतं, तर आणखी तीन पंखे घ्यावेत का?

सध्या एकही घेऊ नका. आहेत त्यांच्याच जागा बदला.

कॅबिनेटमध्ये सगळ्यात जास्त उष्णता कोण सोडतं ते आधी बघू. ४०७० ची मर्यादा २०० वॅट. ७७००एक्स पूर्ण ताणला तर १४२ वॅटपर्यंत जातो, पण गेममध्ये सहसा त्याच्या बराच खाली राहतो. म्हणजे खरा तापणारा भाग कार्ड आहे, आणि त्याची उष्णता थेट कॅबिनेटच्या आतच पडते. एआयओ फक्त प्रोसेसरची उष्णता उचलतो, कार्डासाठी तो काहीच करत नाही. उलट तुमच्याकडे तो समोर असल्यामुळे प्रोसेसरने तापवलेली हवा कार्डाच्या तोंडाशी येते. प्रोसेसर गार आणि कार्ड हाशहुश, हे चित्र त्यातूनच आलंय.

म्हणून रेडिएटर त्याच्या पंख्यांसकट वर न्या आणि हवा बाहेर टाकायला लावा. वरचे दोन साधे पंखे काढून समोर, खालच्या दोन जागांवर आत ओढायला लावा, म्हणजे वारा सरळ कार्डाच्या पात्याखाली येईल. या दोघांची अदलाबदल करताना एआयओचे पंखे मात्र रेडिएटरवरच राहू द्या. दाट जाळीतून हवा ढकलायला लागणारा दाब त्यांच्यात असतो. प्रोसेसर आता काही अंश जास्त दाखवेल, कारण रेडिएटरला कार्डाची कोमट हवा मिळेल. दाखवू दे. हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालण्यासाठीच बनवलाय. दिवसभर फक्त प्रोसेसरवर रेंडरिंग करणारा आणि कार्ड निवांत असलेला माणूस असता, तर मी रेडिएटर समोरच ठेवा म्हटलं असतं.

वर लावण्याआधी मोजपट्टी घ्या. रेडिएटर साधारण २७ मिमी, पंखा २५, मिळून ५२ मिमी. उंच हीटसिंकची (गार ठेवणाऱ्या धातूच्या कवचाची) रॅम असेल तर नेमकी तिथेच अडते. आणि सोबत आलेलेच स्क्रू वापरा. लांब स्क्रू सरळ रेडिएटरच्या नळीत घुसतो आणि एआयओ तिथेच संपतो.

वरच्या जागेचा आणखी एक फायदा, जो मला तापमानापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. बंद एआयओमध्येसुद्धा थोडी हवा असतेच, आणि वर्षानुवर्षं रबरी नळ्यांतून पाणी कणाकणाने कमी होत जातं तशी ती वाढते. ही हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. बहुतेक एआयओंचा पंप प्रोसेसरवरच्या ब्लॉकमध्ये असतो. रेडिएटर त्याच्या वर असला की हवा रेडिएटरच्या कोपऱ्यात पडून राहते, पंपाला त्रास नाही. रेडिएटर तळाला लावला की पंपच सगळ्यात उंच होतो, मग गुळगुळ आवाज आणि पंपाचं आयुष्य कमी. तळाला कधीच नको.

आता समोर दोन आत, वर दोन आणि मागे एक बाहेर, असा हिशेब होईल. बाहेरचं पारडं जड आहे. अशा वेळी कॅबिनेट प्रत्येक फटीतून हवा ओढतं, आणि फटींना फिल्टर नसतो. विदर्भातली उन्हाळी धूळ लक्षात घेता आत येणारी हवा थोडी जास्तच हवी. मागचा पंखा सावकाश फिरवा, आणि नंतर कधी एक पंखा घ्यायचाच झाला तर तो समोर तिसऱ्या जागी लावा. वर किंवा मागे आणखी काही नको.

दिशा लावताना: पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीचे दांडे आणि मधलं स्टिकर, तिकडून हवा बाहेर पडते. शोभेसाठी उलट्या पात्यांचे पंखे मिळतात, त्यांना हा नियम लागू नाही. खात्री हवी असेल तर उदबत्ती लावा आणि धूर जाळीजवळ धरा. समोर तो आत खेचला जायला हवा, मागे बाहेर ढकलला जायला हवा. मागच्या खाचांमधून आत शिरत असेल तर बाहेर टाकणारे पंखे अजून भारी पडतायत.

तुमच्या कॅबिनेटला समोर जाळी आहे की काच, ते लिहिलेलं नाही. काच असेल तर ती समोरची काच काढून अर्धा तास तोच गेम खेळा. कार्ड सात-आठ अंशांनी उतरलं तर दोष पंख्यांचा नाही, काचेचा आहे, आणि पैसे जाळीच्या कॅबिनेटवर खर्च करा.

वेग लावताना पंप कायम एकाच वेगावर ठेवा. ७७००एक्सचं तापमान क्षणात उडी मारतं, पाणी मात्र हळूहळू तापतं. म्हणून रेडिएटरचे पंखे पाण्याच्या तापमानावर चालवता येत असतील तर उत्तम. नाहीतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर द्या, सारखी घुरघुर थांबेल.

आकडा वाचताना खोलीचं तापमान वजा करत चला. ८२ वजा ३८ म्हणजे ४४. पंखे त्याच वेगाने फिरले तर जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत हेच कार्ड ६६ च्या आसपास दिसेल. बदल केल्यावर ४४ चे किती झाले ते कळवा.

आणि खोलीत पाण्याचा कूलर असेल तर त्याचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. दमट हवेने आत दव धरत नाही, कारण एआयओ खोलीपेक्षा गार होतच नाही. भीती उडणाऱ्या थेंबांची आहे. कूलर खिडकीत ठेवा, समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे खोली गार होईल आणि कार्डाला त्याचा फायदा आपोआप मिळेल.