कांदा ठेवायचा की विकायचा ते नंतर, आधी उतारा बघा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. साठवणुकीच्या चाळीत उन्हाळ कांदा, भाव पडलेला, वडील आणि काका मिळून शेती, आजोबा वारले तरी सातबारा अजून त्यांच्याच नावावर. आणि विचारताय काय, तर आत्ता विकू की दिवाळीपर्यंत थांबू. भावाचं इथे बाकीचे सांगतील. माझा डोळा त्या सातबाऱ्यावरच अडकला, कारण आमच्याही घरचं दुखणं तेच होतं.

२०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांदा मातीमोल गेला, तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, २०० क्विंटलपर्यंत. म्हणजे फार तर ७० हजार, पण काढणीची मजुरीही न सुटलेल्या वर्षी ते कोण सोडतो? अट होती सातबाऱ्यावर कांद्याच्या नोंदीची. आमचं खातं सामाईक, आणि चुलत भावाने ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद करतात त्यात, अख्ख्या गटाला (त्या गट नंबरच्या सगळ्या जमिनीला) द्राक्ष टाकून ठेवलेलं. त्यात उतारा वडिलांचा न् काकांचा, बाजार समितीची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, माझ्या नावाची, कारण ट्रॅक्टर घेऊन लिलावाला मी जायचो.

पट्टीचं निभावलं असतं. वडिलांच्या नावे उतारा, मुलाच्या नावे पट्टी असेल तर सहमतीचं शपथपत्र चालत होतं, पैसे वडिलांच्या खात्यात. नोंद नसलेल्यांसाठीही नंतर सवलत आली, गावपातळीच्या समितीने अहवाल द्यायचा. घोडं अडलं ते एका कार्यालयात. कुठलं ते सांगत नाही, अजून तिथेच कामं पडतात. आधी म्हणे "आदेश आमच्याकडे आलेला नाही." मोबाइलवर दाखवला तर "असा चालत नाही, वरून यायला पाहिजे." मग साहेब मीटिंगला. शेवटी एक महाशय म्हणाले, "शेतात कांदाच नाही, पाहणी कशाची करू?" अहो, विकलेल्या कांद्याचं अनुदान ते, कांदा शेतात कसा सापडेल! तोवर मुदत संपली. बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्याला मिळालं, तेही टप्प्याटप्प्याने. असो, लिहितानाही डोकं फिरतं.

तर आधी वारस नोंद लावा. मग सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणीचा अर्ज. घरात कुरकुर होईल, "वेगळं निघायचंय का" असं कुणीतरी म्हणेलच. माझं स्पष्ट मत, चूल एक ठेवा, खातं फोडा. तोपर्यंत पीक पाहणी कोण करणार, कुठल्या पिकाला किती आर टाकणार, हे हंगामाच्या सुरुवातीलाच घरात ठरवा. मी वकील नाही, तुमच्या गटात काही भानगड असेल तर जाणकाराला कागद दाखवूनच पुढे जा.

भावाचं विचारलंच आहे म्हणून. सगळा माल दिवाळीच्या भरवशावर ठेवू नका. २०२३ च्या ८ डिसेंबरला निर्यातबंदी लागली ती उठली ४ मे २०२४ ला, आणि उठली तीही ४० टक्के शुल्क ठेवून. खरिपाच्या बियाण्या-खताचे पैसे निघतील एवढा आत्ताच काढा, उरलेल्याचं बघू. गोल्टी (बारीक कांदा) आणि मोड आलेला तर मुळीच धरून बसू नका. पट्टीचा फोटो मात्र त्याच दिवशी काढा, आमच्या काही पट्ट्यांवरची शाई पार उडालीय.

आजोबांचा मृत्यूचा दाखला काढलेला आहे ना? वारस नोंदीला पहिला तोच मागतात.