हेड्रियनची भिंत पाहायला दोनच दिवस आहेत, गाडीही नाही. न्यूकॅसलहून कुठे कुठे जावं?

रोमन सम्राट हेड्रियनने साम्राज्याच्या सीमेवर, आजच्या उत्तर इंग्लंडमध्ये, बांधलेली ही भिंत. गाडी नसेल तर आख्ख्या भिंतीचा नाद सोडा. ती ११७ किलोमीटर आहे आणि बऱ्याच पट्ट्यात जमिनीवर दिसतच नाही. १७४५च्या जॅकोबाइट बंडानंतर (राजगादीसाठी स्कॉटलंडमधून झालेलं बंड) इथे लष्करी रस्ता केला, तो कितीतरी मैल भिंत पाडून तिच्याच पायावर. बाकीचे दगड शेतकऱ्यांनी आणि चर्च बांधणाऱ्यांनी नेले. आपल्याकडे गडाचे चिरे खालच्या गावातल्या वाड्यांत दिसतात ना, तसंच. म्हणून मी तर म्हणेन, भिंतीला एक दिवस द्या आणि गावांना एक.

मुक्काम हेक्समला करा. न्यूकॅसल–कार्लाइल रेल्वेवरचं टुमदार गाव आहे. तिथून 'एडी १२२' नावाची बस भिंतीच्या कडेने जाते. इ.स. १२२ साली भिंतीचं काम सुरू झालं, म्हणून तो नंबर.

पहिल्या दिवशी सकाळीच विंडोलांडा गाठा आणि घाई करू नका. हा रोमन सैन्याचा तळ भिंतीच्याही आधीचा. इथल्या ओल्या, हवाबंद मातीत चामडं आणि लाकूड कुजलं नाही, त्यामुळे संग्रहालयात बायकामुलांची पायताणंसुद्धा बघायला मिळतात. १९७३पासून इथे शाईने लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या निघू लागल्या. एका पत्रात कोणीतरी मोजे आणि आतले कपडे पाठवल्याचं लिहिलंय. दुसऱ्यात क्लॉडिया सेव्हेरा आपल्या मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचं आमंत्रण देते. शेवटच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्यात. बहुतेक पट्ट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, इथे मोजक्याच.

दुपारी हाउसस्टेड्स, भिंतीवरचा रोमन किल्ला. बसथांब्यापासून चांगला चढ आहे. सैनिकांचं सामुदायिक शौचालय बघून सगळे हसतात, पण त्यातली पाण्याची सोय नीट बघा. खरी भिंतही इथेच भेटते, कड्यावरून वरखाली जाणारी.

दुसऱ्या दिवशी आधी हेक्सम अ‍ॅबी, म्हणजे गावातलं जुनं मठाचं चर्च. सातव्या शतकातलं तिचं तळघर रोमन दगडांचं आहे. ते ठरावीक वेळीच उघडतं, आधी चौकशी करा. तिथल्या एका शिलालेखात सम्राट सेव्हेरसच्या धाकट्या मुलाचं, गेटाचं, नाव खोडलेलं आहे. थोरल्या कॅराकॅलाने त्याला मारलं आणि साम्राज्यभर त्याचं नाव पुसायला लावलं. ती भाऊबंदकी इतक्या लांब येऊन पोचली! मग रेल्वेने एकच स्टेशन, कॉर्ब्रिज. रोमन गावाचे अवशेष गावाबाहेर, जरा चालत. गावातल्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या मनोऱ्याखालची कमानही रोमनच, उचलून आणलेली.

परतताना वेळ उरला तर न्यूकॅसलहून मेट्रोने साउथ शील्ड्सला जा. तिथल्या अर्बिया या रोमन किल्ल्याच्या संग्रहालयात रेजिना नावाच्या बाईचा समाधिदगड आहे. ती दक्षिण ब्रिटनमधली, आधी गुलाम, मग बराटेसची बायको. तो सीरियातल्या पाल्मिराचा. लॅटिन मजकुराखाली त्याने आपल्या भाषेत एक ओळ कोरून घेतली: 'रेजिना, बराटेसची मुक्त केलेली, हाय!' मला विचाराल तर सबंध सीमेवर यापेक्षा जिवंत काही नाही.

तिकिटांचं म्हणाल तर हाउसस्टेड्स आणि कॉर्ब्रिज इंग्लिश हेरिटेज या वारसास्थळं सांभाळणाऱ्या संस्थेच्या पासवर होतात, विंडोलांडाचं तिकीट वेगळं. हिवाळ्यात येणार असाल तर बस आणि अर्बिया चालू आहेत का ते बघूनच दिवस ठरवा.